ब्रेक लागत नाही म्हणजे नक्की काय?

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आधीपासूनच बोंब. त्यात मी वाईची! म्हणजे ज्या गावात बसून मराठी विश्वकोश तयार झाला त्या गावची, आणि कुणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की मनातल्या मनात ‘फिफ्टी नाइन’ का ‘सिक्स्टी नाइन’ ते ठरवत बसणारी. संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने “तू इंग्लिश सेक्शनला दे ना” असं सुचवूनही पाहिलं. पण या विषयावर माझं ज्यांच्याशी बोलणं (आणि भांडण) झालं ते सगळे मराठीतच बोलले. बाबा, आई आणि आमचे गॅरेजवाले काका. शिवाय या सगळ्या घोळाचं अर्धं मूळ एका मराठी शब्दातच होतं, त्यामुळे लेख मराठीतच हवा.

तो शब्द म्हणजे ‘हवा’. कळेलच पुढे.

आमच्याकडे २००७ ची एक छोटी डिझेल गाडी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेल्या गाडीच्या मालकाने कंपनीला कुठल्या तोंडाने जाब विचारायचा? आई पाचगणीच्या एका शाळेत शिकवते. बाबा रोज सकाळी तिला पसरणी घाटाने वर सोडतात, तसेच लगेच खाली येऊन दुकान उघडतात आणि संध्याकाळी पुन्हा वर जाऊन तिला घेऊन येतात. म्हणजे दिवसातून दोनदा घाट चढायचा आणि दोनदा उतरायचा, आणि दरवेळी चढून झाल्या झाल्या उतरायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून दोन महिने वाया गेले.

२०२४ चा पावसाळा संपत आला तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं, “अगं, घाट उतरताना ब्रेक लागत नाही.” रविवारी सकाळी गाडी गॅरेजला गेली. काकांनी एसटी स्टँडपर्यंत चक्कर मारली, दोनदा करकचून ब्रेक मारला आणि म्हणाले, “साहेब, ब्रेक एक नंबर हाय.” तरी बाबांच्या समाधानासाठी पुढचे पॅड बदलले. सोमवारी घाटात पुन्हा तेच. पुढच्या रविवारी काका म्हणाले, “लाइनीत हवा धरली असंल.” मग चारही चाकांची हवा काढली, ब्रेक ऑइल नवं भरलं. मंगळवारी तेच. तिसऱ्या खेपेला मास्टर सिलिंडर बदलला. एकूण खर्च नऊ हजार सहाशे रुपये, आणि घाटात ब्रेक जसाच्या तसा. शेवटी काकांनी निकाल दिला, “घाटात ब्रेक गरम होनारच की साहेब. जुनी गाडी हाय.”

आता मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. घरच्या गाडीला आजार आणि घरात ‘डॉक्टर’ होऊ घातलेली मुलगी! होस्टेलच्या गच्चीवरून मी फोनवर एकामागून एक थिअऱ्या सोडल्या. पहिली थिअरी : ब्रेक फेड. वाई ते पाचगणी उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर, माणसांसकट गाडी बाराशे किलो धरली तर उतरताना जवळजवळ ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत वीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. यातलं काही इंजिन खातं, काही हवा खाते, बाकी सगळं पॅड आणि लायनिंगच्या डोक्यावर. गणित बरोबर होतं. सल्लाही दिला, “बाबा, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.” बाबा म्हणाले, “तू जन्मायच्या आधीपासून मी दुसऱ्यातच उतरतोय.”

दुसरी थिअरी जरा जास्तच हुशार होती. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून बूस्टरची मदत कमी! हेही खोटं नाही. पण वाई आणि पाचगणी यांच्या हवेच्या दाबात सहा-सात टक्क्यांचाच फरक पडतो, आणि तेवढ्याने पेडलचा दगड होत नाही. शिवाय घाट काही पावसाळ्यानंतर वर सरकलेला नव्हता.

तिसरी थिअरी काकांचीच : हवा. ती मी मान मोडून मान्य केली. सिलॅबसमध्येच आहे ना, ‘हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरल्यास ब्रेक निकामी होतो’.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पहिल्यांदा शहाण्यासारखी एक गोष्ट केली. बाबांच्या शेजारी बसून घाट उतरले. डावीकडे-उजवीकडे वळणागणिक धोम धरणाचं पाणी दिसतंय, मागच्या सीटवर आई वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेली, आणि बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असे आवळलेले की बोटं पांढरी. मी विचारलं, “बाबा, ब्रेक लागत नाही म्हणजे पायाला नक्की काय लागतं?” ते म्हणाले, “पहिला चांगला लागतो. दुसरा बरा. तिसऱ्या वळणाला दगड. दोन पाय ठेवून दाबावा लागतो.”

दगड!

दोन महिने मी फोनवर बडबडत होते, पण हा एक शब्द विचारायचं मला सुचलं नव्हतं. काकांनाही सुचलं नव्हतं. आणि इथेच माझं पहिलं मत : ‘ब्रेक लागत नाही’ हे आजाराचं नाव नाही. ‘बरं वाटत नाही’ म्हटल्यावर डॉक्टर गोळी देतो का? आधी विचारतो, पोट दुखतं का डोकं? ब्रेकच्या बाबतीत ते विचारायची जागा म्हणजे पेडल.

पेडल स्पंजासारखं दबत असेल, दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दबत नाही, पण हवा दबते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी हवेचा बुडबुडा दाबण्यात जातो. पाय तसाच दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली खाली जायला लागलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी वायसरी गेल्या आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखाद्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाही. आणि पेडल वरच्या वर, घट्ट, दगडासारखं असेल, तर पॅड काचेसारखे झाले असतील, पिस्टन जाम झाला असेल, किंवा पायाला जी मदत मिळायला हवी तीच मिळत नसेल. म्हणजे बूस्टर, किंवा त्याच्या मागचं काहीतरी.

दगड आणि स्पंज ही अगदी उलटी लक्षणं. दगडासारख्या पेडलवर हवा काढण्याचा उपाय म्हणजे बद्धकोष्ठावर जुलाबाचं औषध न देता जुलाब थांबायचं औषध देण्यासारखं. (उपमेबद्दल माफी, पण डोक्यात दुसरी आलीच नाही.)

मग ‘हवा’ हे निदान आलं कुठून? मला वाटतं, शब्दातून. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘ब्रेकच्या हवेचा प्रॉब्लेम’ म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. ट्रक आणि एसटीला हवेचेच ब्रेक असतात. तिथे कॉम्प्रेसरने भरलेली दाबाची हवा हीच ब्रेकची ताकद, म्हणून ‘हवा कमी झाली’ की धोका. लहान गाडीत ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली की धोका, म्हणून तिथे ‘हवा काढायची’. आणि बूस्टरमध्ये? तिथे एका बाजूची हवा खेचून घेतलेली असायला हवी, ती खेचली गेली नाही की धोका. तीन यंत्रं, तीन आजार, शब्द एकच. आमचे काका आधी बरीच वर्षं ट्रकच्या गॅरेजात होते. बाबांनी “ब्रेकच्या हवेचं काहीतरी असेल का?” असं विचारल्यावर त्यांच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगता येत नाही. मी फोनवर ‘एअर’ म्हटलं तेव्हा माझ्याही डोक्यात पुस्तकातलं एकच पान उघडलं. इंग्रजीतून शिकले म्हणून माझी सुटका झाली असं अजिबात नाही.

बूस्टर म्हणजे काय, ते आमच्या ब्रँचबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या खाली, पातेल्यावर पातेलं उपडं ठेवल्यासारखा एक काळा गोल डबा दिसतो. आत मधोमध एक रबरी पडदा. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा खेचून घेतलेली असते, म्हणून पडदा जागेवर. पेडल दाबलं की एक छोटी झडप उघडते आणि पडद्याच्या पायाकडच्या बाजूला बाहेरची साधी हवा शिरते. आता एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. पडदा पुढे ढकलला जातो आणि पायाबरोबर तोही मास्टर सिलिंडर दाबतो. म्हणजे तुमच्या पायाला मदत करते ती आपल्या डोक्यावरची, नेहमीची, फुकटची हवा! आठ इंची पडद्यावर ६५ किलोपास्कलचा फरक मिळाला तरी दोनशे किलोच्या आसपास जोर होतो. मला तर हे पहिल्यांदा समजलं तेव्हा वर्गात एकटीलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. निर्वात पोकळीच्या जोरावर ब्रेकला मदत द्यायची ही युक्ती बेल्जियमच्या अल्बर्ट देवान्द्र यांची, १९२० च्या दशकातली. शंभर वर्षं होत आली तरी तत्त्व तेच आहे. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, म्हणून तिथे विजेवर चालणारा पंप किंवा सरळ विजेचाच बूस्टर बसवतात.

हवा खेचतं कोण? पेट्रोल गाडीत इंजिन स्वतःच. थ्रॉटल मिटलेला असताना इंजिन श्वास घ्यायला बघतं, हवा पुरेशी मिळत नाही, आणि मागे पोकळी तयार होते. तिथूनच एक नळी बूस्टरला जाते. आमच्यासारख्या जुन्या डिझेल इंजिनात तसा थ्रॉटल नसतो, म्हणून तशी पोकळीही नसते. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. अल्टरनेटरचा पट्टा तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि थोड्या वेळात ब्रेकची मदतही जाते, हे किती जणांना माहीत असतं? मला नव्हतं. आमच्या पुस्तकातली आकृती पेट्रोल इंजिनाची आहे.

आता तपासणी. याला ना पाना लागतो, ना लॅपटॉप.

गाडी बंद. पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमध्ये शिल्लक असलेली पोकळी संपते आणि पेडल घट्ट होतं. मग पाय हलकेच दाबून धरायचा आणि गाडी चालू करायची. बूस्टरला पोकळी मिळाली की पेडल पायाखाली थोडंसं खाली जातं, कुणीतरी खालून ओढून घेतल्यासारखं. गेलं, तर मदत पोचतेय. नाही गेलं, तर नाही पोचत. दुसरी परीक्षा उलटी. गाडी मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून बंद करायची आणि थांबून थांबून पेडल दाबायचं. पहिल्यांदा खोल जातं, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. म्हणजे बूस्टर पोकळी धरून ठेवतो. पहिल्यापासूनच दगड असेल तर झडप किंवा पडदा गळतोय. पडदा फाटला असेल तर कधी कधी पेडलजवळ ‘सुस्स’ असा आवाजही येतो. बस. पाच मिनिटांचं काम.

भाऊबीजेच्या आदल्या सकाळी मी हे दोन्ही प्रयोग अंगणात केले. आणि काय सांगू, दोन्हीत गाडी पास! पेडल लोण्यासारखं खाली गेलं. मी आत जाऊन मोठ्या रुबाबात जाहीर केलं, “बूस्टर ओके आहे.” आई म्हणाली, “मग घाटात आम्हाला भास होतात का?”

आई इतिहास शिकवते. पण त्या वेळी आमच्या घरातली खरी इंजिनिअर तीच होती. कारण पुढे ती म्हणाली, “डॉक्टरकडे गेलं की ताप उतरलेला असतो, तसंच आहे हे. ताप असताना बघ.”

काकांनी तिन्ही वेळा गाडी पाहिली ती रविवारी सकाळी, थंड असताना. मी पाहिली ती अंगणात, थंड असताना. तक्रार मात्र घाट चढून आल्यावर, इंजिन तापलेलं असतानाची. त्याच दुपारी आम्ही तिघं पाचगणीला वर गेलो. गावात शिरल्यावर सपाट जागा बघून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला. इंजिन बंद. पाच वेळा पेडल. पाय धरून चावी फिरवली.

पेडल हललं नाही.

मी इंजिन चालू ठेवून बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि बॉनेट उघडलं. पंपापासून बूस्टरपर्यंत जाणारी काळी रबरी नळी रसवंतीतून दोनदा काढलेल्या उसाच्या चिपाडासारखी चपटी झाली होती. बाबांनी इंजिन बंद केलं, थोड्या वेळाने नळी हळूहळू पुन्हा गोल झाली. इतकी निष्पाप गोल, की सकाळी मी तिच्याकडे बघूनही मला काही दिसलं नव्हतं.

झालं होतं ते असं. मूळ नळीला चिरा पडल्या म्हणून दोनेक वर्षांपूर्वी ती बदलली होती. तेव्हा कंपनीची नळी महाग म्हणून मीटरवर मिळणारा साधा रबरी पाइप कापून बसवला. महाग नको असं म्हणणारे बाबाच होते, काकांनी फक्त ऐकलं. साधा पाइप आतून फुगवलेला सोसतो. बूस्टरच्या नळीला उलटं सोसावं लागतं, बाहेरची हवा तिला चहूबाजूंनी दाबत असते. म्हणून तिची भिंत जाड असते, आत धाग्याचं विणकाम असतं. आमचा पाइप थंड असताना कसाबसा टिकायचा. दोन वर्षांत तो नरम पडला आणि तापला की आपल्याच ओढीने मिटून जायचा. बूस्टरमध्ये जी पोकळी शिल्लक असायची तिच्यावर पहिला ब्रेक चांगला, दुसरा बरा, आणि तिसऱ्याला दगड! बाबांनी पहिल्या दिवसापासून अचूक वर्णन केलं होतं.

नव्या नळीची किंमत तीनशे ऐंशी रुपये.

इथे तुम्ही म्हणाल की बघा, गॅरेजवाले कसे लुबाडतात. मलाही त्या दिवशी असंच वाटलं, आणि तावातावाने मी गॅरेजमध्ये गेलेही. काकांनी नळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “हे माज्या ध्यानातच आलं न्हाय, ताई.” मग म्हणाले, “पन मला सांगा, मी तुमची गाडी घेऊन घाट चढून आलो असतो, तासभर गेला असता, डिझेल गेलं असतं. आन् बिल केलं असतं ‘तपासलं, चारशे रुपये’, पार्ट काय बदलला न्हाय. साहेबांनी दिलं असतं?”

बाबा दुसरीकडे बघायला लागले.

मी गेले काही महिने याच प्रश्नावर विचार करतेय. आपण पार्टचे पैसे देतो, कारण पार्ट हातात घेता येतो. जुना पार्ट पिशवीत घालून घरीही आणतो, पुरावा म्हणून! पण ‘काय बिघडलंय’ हे शोधण्याचे पैसे द्यायचे म्हटलं की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. डॉक्टरने नुसतं तपासून “काही नाही, घरी जा” म्हटलं तर आपण फी देतोच ना? मेकॅनिकने नुसतं तपासलं तर “केलं काय त्याने?” मग तो बिचारा काय करणार? ज्याचे पैसे मिळतात तेच करणार. बदलून बघणार. बदलून बघण्याचे पैसे मिळतात, बघून बदलण्याचे नाही. आमचे नऊ हजार सहाशे काकांनी घेतले हे खरं, पण तो धंदा असा चालायला भाग पाडणारे आम्हीच आहोत. हे मत काही मित्रांना पटलेलं नाही. एकाचं म्हणणं, काकांना ते यायलाच हवं, त्यांचं कामच आहे. कबूल. पण येणं आणि त्यासाठी वेळ काढणं यात फरक आहे, आणि वेळ कुणालाच फुकट मिळत नाही.

आणि आपण तरी काय वेगळं करतो? आमच्या लॅबमध्ये अर्धा कापलेला बूस्टर आहे, छान लाल-पिवळा रंगवलेला. जर्नलमध्ये मी त्याची आकृती काढली, सात भागांना नावं दिली, ‘चेक्ड’ असा शिक्का मिळाला. व्हायव्हात विचारलं, “बूस्टरचे भाग सांगा.” सांगितले. दहापैकी नऊ! “पेडल कडक लागतंय, थंड असताना ठीक, गरम झाल्यावर नाही, तर तुम्ही आधी काय तपासाल आणि काय तपासणार नाही?” असं कुणी विचारलं असतं तर माझे दोनसुद्धा आले नसते. म्हणजे आम्हालाही मार्क पार्टचेच मिळतात. काकांवर हसायचा मला अधिकार नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलला एक तरी बिघाड मुद्दाम करून ठेवा. नळी काढून ठेवा, झडप उलटी बसवा, लाइनमध्ये थोडी हवा सोडा, आणि आम्हाला सांगा, शोधा. न शोधता पार्ट बदलणाऱ्याला शून्य. आमच्या सरांना हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “आयडिया चांगली आहे, पण सेमिस्टरमध्ये बसणार कशी?” प्रश्न रास्त आहे. पण त्या अर्ध्या कापलेल्या बूस्टरला आकृत्या काढून घ्यायचा कंटाळा आला असेल, एवढं नक्की.

असो. एक गोष्ट मात्र सिलॅबसमध्ये बसो न बसो, प्रत्येकाने घरी जाऊन सांगावी अशी आहे. गाडी चालवताना अचानक पेडल स्पंज झालं, खोल गेलं, तर भराभर पंप करा. दाब परत मिळायची शक्यता असते. पण पेडल अचानक दगड झालं, तर पंप करू नका! बूस्टरमध्ये जी काही थोडी पोकळी उरली असेल ती प्रत्येक वेळी पाय उचलला की संपत जाते. पाय न उचलता, लागलं तर दोन्ही पायांनी, एकदाच जीव खाऊन दाबा आणि गिअर खाली आणा. बूस्टर गेला म्हणजे ब्रेक गेला असं नाही, मदत गेली. ऑइलची लाइन शाबूत असते, फक्त जोर कितीतरी पट लागतो. बाबांनी नकळत हेच बरोबर केलं होतं. पण आई गाडी चालवत असती तर? तिला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं, “ब्रेक लागला नाही की पंप करायचा.” सगळ्या ब्रेकांना एकच औषध. मी तिला दोन्ही प्रकार अंगणात करून दाखवले, बंद गाडीवर.

आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे जे महाभाग आपल्या ओळखीत असतात (प्रत्येकाच्या असतातच, माझे एक मामा आहेत), त्यांना सांगा की इंजिन बंद म्हणजे पंप बंद. मग दोन-तीन ब्रेकांपुरती शिल्लक, आणि त्यानंतर बाबांचा दगड. मामांना मी हे आकृती काढून समजावलं. मामा म्हणाले, “वीस वर्षांत कधी झालं नाही.” पुढच्या वेळी मी त्यांना अंगणात बंद गाडीत बसवून चौथा ब्रेक दाबायला लावणार आहे. आकृतीपेक्षा ते बरं.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नळी बसवायला बाबा आणि मी गॅरेजला गेलो. या खेपेला काकांनी गाडी घाटात वर नेली, तापवून आणली आणि माझ्यासमोर पेडल तपासून दाखवलं. दोनदा. बाबांनी नळीचे तीनशे ऐंशी मोजले आणि वर चारशे ठेवले. काका नको म्हणाले, बाबा घ्या म्हणाले, असं बराच वेळ चाललं. शेवटी काकांनी पैसे घेतले आणि बिलबुक काढलं. ‘व्हॅक्यूम पाइप, नग १’ लिहिलं. मग पेन कानावर ठेवून विचारत राहिले, “ताई, हे चारशे कशात दाखवू?” पार्ट, ऑइल, मजुरी असे छापील रकाने होते. ‘तपासणी’ असा रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी ते ‘किरकोळ’मध्ये टाकले.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी